जॅक रीचरचे वाचक: पाव शतकाच्या पसंती-नापसंतीचा मागोवा

ली चाइल्ड या टोपणनावाने लिहिणाऱ्या जिम ग्रँट या इंग्लिश लेखकाची 'किलिंग फ्लोअर' ही पहिली कादंबरी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून साधारणपणे वर्षाला एक या गतीने चालत आलेल्या जॅक रीचर मालिकेने २०२५ पर्यंत तीस कादंबऱ्यांचा टप्पा गाठला. या कादंबऱ्यांना साहित्य म्हणून किती किंमत द्यावी, यावर समीक्षकांत मतभेद आहेत. परंतु वाचकांनी वेळोवेळी काय उचलून धरले आणि कशावर आक्षेप घेतला, हे क्रमाने लावून पाहिले तर असे दिसते की कथानकातले अशक्य योगायोग हा वाचक खुशाल पचवतो, मात्र नायकाच्या स्वभावात वा शरीरात झालेला बदल त्याला खपत नाही.

रीचर हा अमेरिकी लष्करी पोलीस दलातला, म्हणजे सैनिकांनी केलेल्या गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या शाखेतला माजी मेजर असून शीतयुद्ध संपल्यावर झालेल्या सैन्यकपातीनंतर तो नोकरीबाहेर पडला आहे. त्याला घर नाही, गाडी नाही, आणि खिशातल्या घडीच्या टूथब्रशाखेरीज सामान नाही. बसने किंवा रस्त्यात थांबेल त्या वाहनाने तो गावोगाव फिरतो, स्वस्तातले कपडे विकत घेतो, तीन-चार दिवस वापरतो आणि नवे अंगावर चढवून जुने दुकानातल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकून देतो. विजार रात्री गादीखाली ठेवून तिला इस्त्री करण्याची त्याची पद्धत आणि धुलाईपेक्षा नवे कपडे स्वस्त पडतात हा त्याचा हिशेब, यांवर वाचकांनी जेवढा काथ्याकूट केला आहे तेवढा कदाचित एखाद्या खुनाच्या उलगड्यावरही केलेला नाही. थरारकादंबरीत, म्हणजे गुन्हेगार कोण यापेक्षा पुढे काय घडणार या ओढीवर चालणाऱ्या कथाप्रकारात, असा फिरस्ता नायक नवा नव्हता. जॉन डी. मॅकडोनाल्ड यांच्या ट्रॅव्हिस मॅगी मालिकेचे ऋण चाइल्ड यांनी स्वतः मान्य केले आहे, आणि कायद्याच्या चौकटीबाहेर राहून न्याय देणारा वीर बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या मराठी वाचकालाही अनोळखी वाटण्याचे कारण नाही. नवे होते ते या नायकाचे संपूर्ण निःसंग असणे, आणि सुरुवातीच्या वाचकांनी नेमके तेच उचलून धरले.

पहिल्या कादंबरीत ब्लाइंड ब्लेक या जुन्या ब्लूज गायकाचा माग काढण्याच्या लहरीने रीचर जॉर्जिया राज्यातल्या मारग्रेव्ह गावी उतरतो, खुनाच्या आरोपाखाली पकडला जातो, आणि मेलेला माणूस त्याचा सख्खा भाऊ निघतो. इतका मोठा योगायोग दुसऱ्या कुणाच्या नावावर असता तर पुस्तक मिटून ठेवले गेले असते. इथे वाचकांनी तो हसत नोंदवला आणि माफ केला, आणि रहस्यकथेच्या क्षेत्रातले अँथनी व बॅरी हे दोन पुरस्कारही पदार्पणाच्या या पुस्तकाला मिळाले. पुढच्या काही वर्षांतल्या तक्रारी किरकोळ स्वरूपाच्या राहिल्या: अमेरिकी पात्रांच्या तोंडी इंग्लंडातले शब्दप्रयोग येतात, बंदुकांचे तपशील चुकतात, काही पुस्तके रीचरच्या तोंडून तर काही तृतीयपुरुषी निवेदनातून येतात. शेवटच्या मुद्द्यावर वाचकांत खरे दोन तट पडले. रीचरच्या डोक्यात काय चालले आहे ते ऐकायला आवडणारे 'परस्यूएडर' (२००३) आणि 'द एनिमी' (२००४) यांना मालिकेचे शिखर मानतात, तर त्याचे मौन बाहेरून पाहण्यातच गंमत आहे असे मानणारे 'वन शॉट'कडे (२००५) बोट दाखवतात. 'द एनिमी' ही पूर्वकथा, म्हणजे मुख्य मालिकेच्या आधीचा काळ रंगवणारी कादंबरी असून तीत पॅरिसमध्ये राहणाऱ्या आईच्या मृत्यूचा प्रसंग आहे. या नायकाला हळवेपण शोभते की नाही हा वाद तिथून सुरू झाला, पण त्याला कडवटपणा आला नाही.

कडवटपणा आला तो 'नथिंग टू लूज'मुळे (२००८). इराक युद्धाच्या छायेतल्या या कादंबरीत सैन्यातून पळालेल्या तरुणांविषयी रीचर सहानुभूती दाखवतो, आणि माजी सैनिकांसह अनेक अमेरिकी वाचकांना तो आपल्या नायकाने केलेला दगा वाटला. हा आक्षेप काहीसा अन्यायाचा म्हणावा लागेल, कारण वरिष्ठांवर अविश्वास आणि सामान्य शिपायाविषयी माया ही रीचरच्या स्वभावाची दोन अंगे पहिल्यापासूनच आहेत. दोन वर्षांनी '६१ अवर्स'चा शेवट एका भीषण स्फोटावर झाला आणि नायक वाचला की नाही हे सांगितलेच गेले नाही. हा अधांतरी शेवट अनेकांना फसवणूक वाटला. त्याच वर्षी आलेल्या पुढच्या पुस्तकात तो जिवंत दिसला तरी तो वाचला कसा याचा खुलासा फारच त्रोटक आहे, ही कुरकुर मात्र रास्त होती.

वाचकांच्या रोषाची खरी परिसीमा २०१२ मध्ये दिसली, ती पुस्तकामुळे नव्हे तर पडद्यामुळे. कादंबऱ्यांतला रीचर ६ फूट ५ इंच उंच आणि सुमारे २५० पौंड वजनाचा आहे, आणि 'वन शॉट'वर आधारित चित्रपटात ती भूमिका त्याहून जवळजवळ दहा इंचांनी बुटक्या टॉम क्रूझ याने केली. पुस्तकातली उंची हे अडवता न येणाऱ्या ताकदीचे रूपक आहे आणि ती ताकद नट आपल्या परीने दाखवू शकतो, अशी बाजू चाइल्ड यांनी मांडली, पण वाचकांना ती पटली नाही. त्यांचे म्हणणे वरवर बालिश वाटले तरी पुस्तके जवळून वाचल्यास त्याला आधार सापडतो. मारामारीचा प्रत्येक प्रसंग शरीराच्या गणितावर उभा आहे: समोर पाचजण असतील तर म्होरक्या कोण, बघे कोण, कोण आधी पळेल, हाताची पोच किती आणि कोपर कोणत्या उंचीवर लागेल, याचा पानभर हिशेब होतो आणि त्यानंतर काही क्षणांत सारे आटोपते. खोलीत शिरताच शांतता पसरावी असा देह नसेल तर हा हिशेबच मुळातून बदलतो. २०१६ च्या दुसऱ्या चित्रपटानंतर वाचकांचे बरोबर होते असे चाइल्ड यांनी जाहीरपणे मान्य केले, आणि २०२२ पासून ॲमेझॉनवर आलेल्या मालिकेत धिप्पाड ॲलन रिचसन याची निवड झाली, तेव्हा जुन्या वाचकांनी आपण खटला जिंकल्याच्या थाटात तिचे स्वागत केले. लेखकाने आपल्याच पात्राविषयी वाचकांपुढे माघार घेण्याचे असे प्रसंग विरळाच.

दरम्यान मालिकेची प्रतिष्ठा वाढत गेली होती. माल्कम ग्लॅडवेल यांनी 'न्यूयॉर्कर'मध्ये तिच्यावर लिहिले, अँडी मार्टिन या केंब्रिजच्या अभ्यासकाने 'मेक मी' (२०१५) लिहिली जात असताना लेखकाशेजारी बसून एक स्वतंत्र पुस्तक केले, आणि २०२० मध्ये बुकर पुरस्काराच्या परीक्षक मंडळावर चाइल्ड यांची नियुक्ती झाली. नेमक्या याच काळात जुन्या वाचकांची नाराजी वाढत होती. वेदनाशामक औषधांच्या व्यसनावरच्या 'द मिडनाइट लाइन'मधली (२०१७) करुणा पुष्कळांना भावली, परंतु 'ब्लू मून'मध्ये (२०१९) दोन टोळ्यांचा जो सरसकट संहार होतो त्यावर, रीचर पूर्वी नाइलाजाने मारत असे आणि आता सवयीने मारतो, असा आक्षेप आला. तो दुर्लक्षिण्यासारखा नाही, कारण थकवा लेखकालाही जाणवत असावा: २०२० च्या आरंभी त्यांनी मालिका आपल्याहून चौदा वर्षांनी लहान असलेल्या अँड्र्यू या भावाकडे सोपवत असल्याचे जाहीर केले.

त्या वर्षी दोघांच्या नावाने आलेल्या 'द सेंटिनल'ने वाचकांची सरळ फाळणी केली. एका छोट्या गावाची संगणकयंत्रणा ओलीस धरणाऱ्यांची ही गोष्ट होती. मोबाइलसुद्धा जवळ न बाळगणारा नायक अशा विषयात बरा वावरतो हे काहींना खटकले, पण त्याहून अधिकांना खटकले ते त्याचे बोलणे. समोरच्याच्या प्रश्नावर गप्प राहणे हे ज्याचे ठरलेले उत्तर, तो आता टोमणे मारू लागला आणि कारणे समजावू लागला, असे जुने वाचक परिच्छेदांवर बोट ठेवून दाखवू लागले. भावांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की तोचतोपणाचा आरोप वर्षानुवर्षे करणाऱ्यांनीच आता बदलाविरुद्ध ओरड करू नये. युक्तिवाद म्हणून हे बिनतोड आहे, पण तोचतोपणाला नावे ठेवत ठेवत दरवर्षी पुस्तक विकत घेणाऱ्या माणसाला काय हवे असते, हे त्यातून सुटते.

सध्याचा वाद वयाचा आहे. रीचरचा जन्म १९६० चा, असे मालिकाच सांगते. त्या हिशेबाने तो साठी ओलांडलेला असून अजून पाचजणांना लोळवतो. 'द सीक्रेट' (२०२३) या कादंबरीने हा पेच कथानक १९९२ मध्ये नेऊन टाळला. काही वाचकांनी गणवेशातल्या तरुण रीचरला पुन्हा पाहण्याचा आनंद व्यक्त केला, काहींना ती पळवाट वाटली, आणि उरलेल्यांनी त्या साली त्याचा हुद्दा कोणता असायला हवा, याची आधीच्या पूर्वकथांशी पडताळणी सुरू केली.