जुन्या पिकअपचा पहांटेचा रुसवा

आपल्यापैकीं पुष्कळांचीं घरें रावेर-यावलकडील केळीच्या बागांपाशीं आहेत, आणि कित्येकांच्या अंगणांत एखादी जुनी डिझेलची पिकअप उभी असते. हिवाळ्यांत आपल्या खानदेशांत पारा कधीं कधीं दहा अंशांखालीं उतरतो. घड भरून पहांटे निघावयाचें, आणि नेमकी त्याच वेळीं गाडी रुसते. आमच्या एका शेजाऱ्यानें ह्या रुसव्यापायीं नवी बॅटरी घेतली, सेल्फही दुरुस्त करविला. गाडी होती तशीच! दोष अखेरीस निघाला तो एका चिरलेल्या रबरी नळींत. खर्च आधीं झाला, विचार मागाहून.

डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. रूडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्यानें १८९३ सालीं ज्या कल्पनेचें पेटंट मिळविलें ती अशी कीं, हवा अतिशय दाबली म्हणजे ती तापते, आणि तींत तेल सोडलें कीं तें आपोआप पेटतें. सायकलींत हवा भरतांना पंपाचें तोंड कसें ऊन होतें हें तुम्हांस ठाऊकच आहे. जुन्या इंजिनांत हवा सुमारें वीसपट दाबली जाते. परंतु थंडींत गार लोखंड ती उष्णता शोषून घेतें. म्हणून अनेक जुन्या इंजिनांत हीटर प्लग बसविलेले असतात.

आतां परीक्षा. सेल्फ मारल्यावर इंजिन कण्हत, मंद फिरतें काय ? मग बॅटरीकडे वळावें. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारतांना आंकडा दहाच्या बराच खालीं गेला तर ती अशक्त झाली, किंवा भरलेली नाहीं. पण नवी आणण्यापूर्वीं टर्मिनलांवरील पांढरी-हिरवी भुकटी घांसून काढावी, आणि इंजिनास जोडलेली अर्थची तार घट्ट आहे कीं नाहीं तें पाहावें. पुष्कळदां रोग एवढाच असतो.

इंजिन जोरानें फिरतें तरी पेटत नाहीं, तर एकानें सेल्फ मारावा व दुसऱ्यानें सायलेन्सरकडे पाहावें. गाडी न्यूट्रलमध्यें असावी, हँडब्रेक ओढलेला असावा. धूर मुळींच नसेल तर डिझेल आंत पोहोंचत नाहीं. पांढरा धूर असेल तर डिझेल पोहोंचतें पण पेटत नाहीं. अशा वेळीं हीटर तपासावे. प्लगची तार सोडवून, बॅटरीचें धन टोंक व प्लग ह्यांच्यामध्यें बारा व्होल्टांचा लहान दिवा जोडावा. दिवा लागला नाहीं तर तो प्लग आंतून तुटला.

शेजाऱ्याच्या गाडीस धूर नव्हता. फिल्टरवरील हँडपंप दहावीस वेळां दाबला कीं ती लागे, आणि मग दिवसभर कुरकुर नसे. ह्यावरूनच समजावयास हवें होतें कीं रात्रभरांत कोठून तरी हवा शिरते व डिझेल टांकीकडे परत उतरतें. अशी गळती बाहेरून दिसतेच असें नाहीं, कारण तेथून तेल बाहेर येण्याऐवजीं हवा आंत ओढली जाते. फिल्टरपुढील नळींत पारदर्शक नळीचा तुकडा जोडून पाहिला असतां बुडबुडे दिसतात.

कांहीं चालक ईथरचा फवारा मारतात. हीटर असलेल्या इंजिनांत तो कधींही मारूं नये. तापल्या प्लगवर त्याचा भडका होऊन पिस्टन फुटूं शकतो.

हें सर्व ठीक असूनही गाडी लागत नसेल, आणि तेल ओतण्याच्या तोंडांतून धूर फुसफुसत असेल, तर रिंगा झिजून दाब उरला नाहीं असें समजावें. तें काम मोठें व खर्चाचें आहे. इंजिन उघडूं देण्यापूर्वीं मेकॅनिकास प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकावर दाखवावयास सांगावें.