मनोविकारतज्ज्ञावर दावा झाला तर? खरी लढाई केस पेपरवर

पुण्यात ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हटलं की तुरुंगात की मनोरुग्णालयात, हे बोलणाऱ्याच्या सुरावरून ओळखायचं. चेष्टा सोडा. तिथल्या, किंवा कुठल्याही, मनोविकारतज्ज्ञावर उपचारांत निष्काळजीपणा केल्याचा दावा झाला तर?

अशा दाव्यांत भारतीय न्यायालयं वापरत आलेली ‘बोलम कसोटी’ जन्मली मनोरुग्णालयातच. १९५४ मध्ये लंडनच्या फ्रायर्न रुग्णालयात जॉन बोलम यांना स्नायू शिथिल करणारं औषध न देता विजेचा शॉक दिला. झटक्यांनी त्यांचे खुबे मोडले. तरीही १९५७ मध्ये रुग्णालय सुटलं, कारण तेव्हा काही जाणकार डॉक्टर तसंच करत होते.

आज इथे हा बचाव टिकणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार भूल आणि ते औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला थेट बंदी आहे.

मग डॉक्टरला वाचवतो तो केस पेपर. संमती कुणी, कधी दिली? आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारलं होतं का? औषध का बदललं? नोटीस आल्यावर त्यात एक ओळही ‘सुधारायची’ नाही. मागाहून केलेली खाडाखोड मूळ चुकीपेक्षा महाग पडते. आधी वकील आणि विमा कंपनीला कळवायचं. रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने कागद मागितले तर ते ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. फेसबुकवर कितीही बदनामी होवो, तिथे रुग्णाचा आजार सांगून उत्तर देणं म्हणजे गोपनीयतेचा भंग.

फौजदारी गुन्ह्याची पायरी वेगळी. ‘जेकब मॅथ्यू’ निकालानुसार (२००५) त्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो आणि तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यायचं असतं.