‘आशा’, ‘विश्वास’ आणि बेथेल : एक अर्थविचार

मराठीत ‘आशा’ या शब्दाची पत संमिश्र आहे. ‘आशापाश’ या समासात ती बंधन ठरते. ‘आशाळभूत’ या विशेषणात ती दैन्य सुचविते. संतपरंपरेनेही आशा सोडावयास शिकविले. याच भाषेत ख्रिस्ती मराठीने मात्र विश्वास, आशा व प्रीती या तिहींना एका पंक्तीस बसविले. जी पाश म्हणून त्याज्य, तीच सद्‌गुण म्हणून ग्राह्य कशी झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

योगायोग असा की, हिब्रूतही आशेचे नाते दोराशीच आहे. ‘तिक्वा’ या शब्दाचे आशा आणि दोर असे दोन्ही अर्थ होतात. यहोशवाच्या ग्रंथात राहाब खिडकीला बांधते त्या किरमिजी दोरासाठी हाच शब्द आला आहे. प्रतिमा एकच, पण तिचे कार्य भिन्न. पाश माणसाला जखडतो; विहिरीत उतरलेल्याच्या हातातला दोर त्याला तारतो. मात्र त्या दोराचे दुसरे टोक कशाला बांधले आहे, यावर सर्व अवलंबून राहते.

ते टोक म्हणजे ईश्वराची एकनिष्ठा होय. हिब्रूत तिला ‘एमूना’ म्हणतात. ‘आमेन’ हा आपल्या उपासनेतील शब्द त्याच धातूचा. त्याचा मूलार्थ स्थैर्य. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात हा शब्द मोशेच्या हातांविषयी योजिला आहे. थकलेले ते हात अहरोन व हूर यांनी दोहों बाजूंनी सावरल्यामुळे सूर्यास्तापर्यंत अढळ राहिले. उलट ‘विश्वास’ हा शब्द ‘श्वस्’ धातूपासून आला असून निर्धास्त श्वास घेणे ही त्यातील मूळ कल्पना आहे. म्हणजे मराठी शब्द विश्वास ठेवणाऱ्याच्या मनःस्थितीतून निघतो, तर हिब्रू शब्द ज्याच्यावर विश्वास ठेवावयाचा त्याच्या स्थैर्यातून. ईश्वराला ‘विश्वासू’ किंवा ‘विश्वसनीय’ म्हणताना हा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो, हे ध्यानात ठेविले पाहिजे. कारण संकटात प्रथम कोंडतो तो श्वासच.

याचे स्थानिक उदाहरण जालन्याजवळील बेथेल या वसाहतीचे आहे. तिचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मागोमाग आलेल्या श्रीपत या अल्पवयीन भावाला न्यायालयाने आईवडिलांच्या स्वाधीन केले. पुढे निजामी राज्याचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून शेषाद्रींनी ही वसाहत उभी केली. तेथे आलेल्यांत मांग व महार समाजांतील कुटुंबे प्रामुख्याने होती. ‘बेथेल’ म्हणजे देवाचे घर. उत्पत्तीच्या ग्रंथात हे नाव ठेवणारा याकोब घरातून पळालेला, उशाला धोंडा घेऊन निजलेला आहे. घर दुरावलेल्या संस्थापकाने गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्यांच्या वस्तीस हे नाव द्यावे, यात मोठे औचित्य आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. 1876-78 चा दख्खनचा दुष्काळ, 1972 चा अथवा 2012-13 चा दुष्काळ ख्रिस्ती शेतकऱ्याचे शिवार वगळून गेला नाही. मग एकनिष्ठेचा प्रत्यय कोठे आला? बेथेलच्या कथेतच याचे उत्तर आहे. याकोबाला अभिवचन मिळाले ते सोबतीचे आणि परत आणण्याचे. त्यानंतरची वीस वर्षे त्याने लाबानाच्या चाकरीत, उन्हाचा ताप व रात्रीचा गारठा सोसून काढली. यरुशलेमच्या विध्वंसावरील विलापगीताचाही रोख हाच. त्याच्या तिसऱ्या अध्यायात हिब्रू वर्णमालेच्या प्रत्येक अक्षराला तीन याप्रमाणे सहासष्ट कडवी आहेत. बोलणारा आधी आपली आशा संपली असे कबूल करितो. नंतर ईश्वराची एकनिष्ठा आठवून पुन्हा आशा धरितो. मध्यंतरी नगर सावरलेले नाही, उपासमार थांबलेली नाही. बदलले आहे ते केवळ दृष्टीचे ठिकाण : स्वतःच्या बळावरून ती ईश्वराच्या स्थैर्यावर गेली आहे.

तात्पर्य, ख्रिस्ती आशा हे पावसाचे भाकीत नव्हे. पाऊस न आला तरी आपल्याला सोडलेले नाही, असा तो निर्वाळा आहे. आणि मोशेचे हात शेजाऱ्यांनी सावरले होते, हे विसरता कामा नये. दुष्काळात ईश्वराच्या एकनिष्ठेचा प्रत्यय पुष्कळदा अशा सावरणाऱ्या हातांतूनच येतो. म्हणून ती आशा धरणाऱ्यावर दुसऱ्याचा हात धरण्याचे दायित्वही येते.