कांद्याच्या चाळीला माप आहे, मजुराच्या पालाला नाही

एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधायची, दुपाखी असेल तर पूर्व-पश्चिम. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला हवा, म्हणजे खालून वारा फिरतो. पाखीची रुंदी चार फूट, कांद्याचा थर पाच फुटांच्या आत. त्याहून चढवला तर तळचा कांदा दबतो आणि सड धरते. लोखंडी पत्रा तापतो, म्हणून छताला कौले किंवा सिमेंटचे पत्रे. निफाड तालुक्यातल्या कांदा उत्पादकाला ही मापे तोंडपाठ असतात, आणि ती पाळली तर सरकार अनुदानही देते. २५ टनांपर्यंतच्या चाळीला टनामागे ३,५०० रुपये हा दर कित्येक वर्षे चालला.

त्या चाळीतला कांदा पिंपळगाव बसवंतच्या खळ्यावर उतरवणाऱ्या, निवडणाऱ्या, गोणीत भरून ट्रकवर चढवणाऱ्या माणसांच्या निवाऱ्याचा मात्र अनुदानाच्या अर्जात उल्लेखही नाही. सौर शीतगृहे, विकिरण केंद्रे, शास्त्रशुद्ध साठवण या सगळ्याची चर्चा सध्या जोरात आहे. गोदामातल्या माणसाच्या बाजूने ती कशी दिसते, ते पाहू.

नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून हे गाव. लासलगावची कीर्ती कांद्याची. पिंपळगावची कांद्याबरोबर टोमॅटो आणि द्राक्षांचीही. त्यामुळे इथल्या गोदामाला मोकळा हंगाम असा फारसा नसतोच. जानेवारी ते एप्रिल द्राक्षे, मग उन्हाळ कांदा, ऑगस्टपासून टोमॅटोचे २० किलोचे क्रेट, आणि दिवाळीच्या आगेमागे लाल कांदा.

लिलाव ट्रॉलीतल्या मोकळ्या कांद्याचा होतो. बोली लागली, वजन झाले की माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर. तिथे बायका गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढतात, मोड आलेला आणि काजळी धरलेला कांदा बाजूला टाकतात. पुरुष गोण्या भरतात, शिवतात, थप्पी लावतात. गोणी साधारण ५० किलोची. प्रौढ पुरुषाने हाताने उचलायचे ओझे ५५ किलोंच्या वर नसावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये केली. पूर्वी क्विंटलभराचे पोते पाठीवर घेणाऱ्या हमालाला ५० किलोची गोणी ही सुधारणाच, पण ती आपोआप आली नाही, डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटना त्यासाठी भांडल्या. अर्थात मजुरी नगावर असली की हलकी गोणी जास्त वेळा उचलली जाते आणि संध्याकाळी पाठीने पेललेले टन तेवढेच भरतात.

हमालाचा मालक रोज बदलतो. आज या व्यापाऱ्याची गाडी, उद्या दुसऱ्याची. मग त्याचा भविष्य निर्वाह निधी भरायचा कोणी? अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ मध्ये झालेल्या माथाडी कायद्याने याचे उत्तर दिले: मंडळ. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरतो. मंडळ नोंदीत कामगाराला मजुरी देते आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी बघते. महाराष्ट्राने केलेल्या थोड्या खरोखर शहाण्या कायद्यांपैकी हा एक, असे माझे मत आहे. पण तो पोचतो नोंदीत कामगारापर्यंत. बिल्ला नसलेला, हंगामापुरता खळ्यावर किंवा पॅकहाऊसमध्ये आलेला मजूर या छत्राबाहेरच राहतो.

एप्रिल २०२४ मध्ये हमाली-तोलाई-वाराई आणि लेव्हीच्या वादातून नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव ठप्प झाले. ही कपात शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून करणार नाही, असे व्यापाऱ्यांनी ठरवले. हमाल-मापारी कपातीवर ठाम राहिले. बातम्या आल्या त्या बंद बाजाराच्या. वादाच्या मुळाशी भुईकाटा होता, त्याकडे फार कमी जणांचे लक्ष गेले. भरलेली ट्रॉली काट्यावर उभी राहते, रिकामी पुन्हा उभी राहते, वजन पडद्यावर उमटते. मापाऱ्याने तराजू धरलेलाच नाही, मग तोलाई कशाची? शेतकऱ्याचा हा प्रश्न बिनतोड आहे. मापाऱ्याची अडचणही खोटी नाही: काटा बसवला तेव्हा त्याचे काम गेले, पण त्या कामावर उभ्या असलेल्या त्याच्या पीएफचे पुढे काय, हे कोणी ठरवले नाही. ते न ठरल्यामुळे तो भार वर्षानुवर्षे शेतकऱ्याच्या पट्टीत पडून राहिला आणि शेवटी दोन गरजू माणसे एकमेकांसमोर उभी ठाकली.

हिरव्या तंत्रज्ञानात हाच घोळ पुन्हा घालायचा नसेल तर त्याचा हिशेब आधी मांडायला हवा. गरज खरी आहे, यात शंका नाही. चार-पाच महिने साठवलेल्या कांद्यात वजनघट, सड आणि मोड मिळून तिसरा हिस्सा, कधी ४० टक्के माल जातो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ विकिरण केंद्र २००२ पासून आहे. कोबाल्ट-६० च्या किरणांनी कांद्याचे मोड थांबतात. सड आणि वजनघट त्याने थांबत नाही, म्हणून पुढे शीतगृह लागते. शीतगृहाला वीज लागते आणि तिथे सौर पॅनेल येते. द्राक्षांच्या बाबतीत ही सांगड चांगली जमते. माल सकाळी काढतात, पॅकिंग होऊन प्रीकूलिंगला लागतो तो ऊन चढल्यावर, म्हणजे यंत्रावरचा ताण आणि पॅनेलची वीज एकाच वेळी. मालकाचे बिल उतरते, ते उतरावेही.

आत काम करणाऱ्याचे गणित वेगळे. द्राक्षांना शून्य अंशाच्या आसपास थंडी आणि नव्वद टक्क्यांहून जास्त आर्द्रता लागते. एप्रिलमध्ये दाराबाहेर पारा ३८-४०. पेट्या आत-बाहेर करणारा माणूस दिवसातून कितीदा हा उंबरा ओलांडतो याची नोंद सौर प्रकल्पाच्या कुठल्याही अहवालात सापडणार नाही. दुसरी गोष्ट थंड करणाऱ्या वायूची. हवामानाला घातक असलेले एचएफसी वायू कमी करण्याचा किगाली करार २०१६ मध्ये झाला, भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. त्या दृष्टीने अमोनिया उत्तम: ना ओझोनला धक्का, ना तापमानवाढीत भर. पण गळती झाली तर तो डोळे आणि फुफ्फुसे जाळतो. पृथ्वीचा धोका कमी होतो आणि यंत्रखोलीतल्या कामगाराचा वाढतो. याचा अर्थ अमोनिया नको असा नाही. गळतीदर्शक, मुखवटे आणि सुटकेचा मोकळा दरवाजा हे हिरव्या खर्चातच धरले पाहिजेत, एवढाच अर्थ.

आता घर. द्राक्षांच्या हंगामात पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरीकडची आदिवासी कुटुंबे या पट्ट्यात कामाला उतरतात. कोणाला मळ्यात खोली मिळते, कोणी प्लास्टिकचे पाल ठोकते. निफाडची थंडी राज्याला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा चार-पाच अंशांवर आला की ‘द्राक्षमणी तडकण्याची भीती’ असा मथळा हमखास येतो आणि बागेत शेकोट्या पेटतात. त्याच रात्री पालात लेकरे असतात, त्यांचा मथळा होत नाही.

कायद्याची गंमत बघा. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदारावर निवाऱ्याची जबाबदारी टाकली होती, पण मजूर दुसऱ्या राज्यातला असेल तर. सुरगाण्याचा माणूस पिंपळगावला आला तर तो स्थलांतरित ठरतच नाही. घरकुल योजनेतले घर मंजूर होते ते त्याच्या पाड्यावर, जिथे तो हंगामात राहत नाही. उलट युरोपातल्या दुकानांत द्राक्षे विकायची तर ‘ग्लोबल गॅप’चा तपासनीस विचारतो, मळ्यात मजूर राहत असतील तर जागा राहण्याजोगी आहे का. परक्या ग्राहकाला पडलेला प्रश्न आपल्या अनुदानाच्या अर्जाला पडत नाही, ही शरमेची गोष्ट आहे. आणि रस्त्याकडेच्या पालापर्यंत तो तपासनीसही जात नाही.

कामगारांची घरे होऊच शकत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी सोलापूरचे रे नगर पाहावे. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची ती वसाहत आखली गेली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या टप्प्यातल्या १५,०२४ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. पिंपळगावला तेवढ्याची गरज नाही. हंगामी कुटुंबांना भाड्याने मिळतील अशा पक्क्या खोल्या, पाणी, शौचालय आणि लेकरांसाठी पाळणाघर, एवढे पुरे.

पैसा कुठून, हा प्रश्न येईलच. शीतगृहाला फलोत्पादन अभियानातून सर्वसाधारण भागात खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते. तो पैसा शेतकऱ्याचा, ग्राहकाचा आणि गोणी उचलणाऱ्याचाही आहे. तेव्हा शीतगृहाच्या आणि सौर पॅनेलच्या अर्जात तीन रकाने वाढवावेत: मजूर किती आणि नोंदीत किती, ते राहतात कुठे, आणि नव्या यंत्राने ज्यांचे काम जाईल त्यांच्या लेव्हीची सोय काय. बाजार समिती, निर्यातदार आणि माथाडी मंडळ यांनी पुढचा द्राक्ष हंगाम सुरू होण्याआधी एकत्र बसून या रकान्यांची उत्तरे तयार ठेवावीत. ती नसतील तर अनुदान थांबवावे.