ओव्हनचे दार उघडेना? जोर लावू नका

मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी चार-सहा महिने अमेरिकेला जाणाऱ्या आया आज घरोघरी आहेत. तिथल्या स्वयंपाकघरात चार शेगड्यांची भलीमोठी रेंज असते आणि तिच्या पोटात ओव्हन. मुले कामावर गेली की आईच्या नजरेला ओव्हनमधला तुपातेलाचा जळका थर खुपू लागतो. समोर 'क्लीन' असे लिहिलेले बटण असतेच. ते दाबले की खट्ट आवाज होतो आणि दाराला कुलूप लागते. पुढे चार तास उलटतात, संध्याकाळी पाहुणे जेवायला यायचे असतात, पण दार काही उघडत नाही. आपल्या हातून काही मोडले तर नाही ना, या धास्तीने मग दार ओढायला सुरुवात होते. नुकसान होते ते नेमके इथेच.

कुलूप कशासाठी?

आपोआप स्वच्छ होणारा ओव्हन अमेरिकेत १९६३ साली बाजारात आला. त्यात पाणी नाही, साबण नाही. एरवी भाजण्यासाठी ओव्हन फार तर २९० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. स्वच्छतेच्या वेळी मात्र तो ४८० अंशांच्या आसपास जातो. त्या आचेत चिकटलेल्या अन्नाची राख होते आणि ती नंतर ओल्या फडक्याने पुसून काढता येते. हे काम दोन ते चार तास चालते. त्यानंतर ओव्हन निवायला आणखी तासभर, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो.

एवढ्या तापलेल्या ओव्हनचे दार कोणी उघडले तर चेहरा आणि हात भाजल्याशिवाय राहणार नाहीत. म्हणून ही कुलपाची योजना. जुन्या ओव्हनमध्ये ते हाताने सरकवण्याच्या दांडीचे असे. नव्यांमध्ये एक छोटी मोटर आकडा फिरवते आणि तो दारात अडकतो. आतली उष्णता पुरेशी उतरल्याची खूण मिळेपर्यंत आकडा मागे फिरत नाही. प्रेशर कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण काढायचे नसते, तसेच हे.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: कुलूप बिघडले आहे, की आपले काम चोख करते आहे?

आधी हे करून पाहा

ओव्हन बंद करा आणि दाराची काच पूर्ण गार होईपर्यंत थांबा. गडबड वाटली तरी रात्रभर थांबायलाही हरकत नाही. पुष्कळदा सकाळी दार आपोआप उघडलेले आढळते.

बटणांवर कुलपाचे चित्र दिसते का, तेही पाहा. लहान मुलांनी बटणे दाबू नयेत म्हणून वेगळे 'चाइल्ड लॉक' असते. बहुतेक ओव्हनमध्ये त्याचे बटण काही सेकंद दाबून धरले की ते निघते.

एवढ्याने भागले नाही, तर ओव्हनचा वीजपुरवठा मुख्य फळीवरून बंद करा. अमेरिकेत विजेच्या ओव्हनला २४० व्होल्टचा स्वतंत्र जोडखटका असतो. पाच-दहा मिनिटांनी तो पुन्हा सुरू करा. गोंधळलेले नियंत्रण अनेकदा एवढ्याने ताळ्यावर येते आणि मोटर आकडा मागे घेते.

यानंतरचा उपाय म्हणजे 'क्लीन' पुन्हा लावून मिनिटभरातच रद्द करणे. त्यामुळे मोटरला नव्याने फिरण्याची आज्ञा मिळते. मोटरचा घरघर आवाज येत असताना दार बाहेर ओढू नका, उलट आत दाबून धरा. दार किंचित वाकडे बसल्याने आकड्यावर ताण आला असेल, तर तो सुटतो.

तारेचा उपाय

आवाज येतो, पण आकडा हलत नाही, असे असेल तर घरातल्या जाणत्या माणसाने आणखी एक प्रयत्न करायला हरकत नाही. मात्र ओव्हन गार हवा आणि वीज मुख्य फळीवरून बंद हवी. कपड्यांच्या हॅंगरची तार सरळ करून तिचे टोक थोडे वाकवा. दाराच्या वरच्या फटीतून ती आत घालून आकडा चाचपा आणि हलकेच बाजूला सरकवा.

स्क्रूड्रायव्हर, सुरी किंवा उलथने घालून दार उचकटू नका. काच तडकते, आतला मुलामा उडतो, नाहीतर दाराभोवतीची उष्णता अडवणारी पट्टी फाटते. आकडा वाकला, तर साधे काम महागात पडते.

मेकॅनिकला केव्हा बोलवाल?

फलकावर 'एफ' अक्षर आणि आकडा चमकत असेल, तर तो बिघाडाचा संकेत आहे. तो लिहून ठेवा. त्याचा अर्थ ओव्हनबरोबरच्या पुस्तिकेत असतो आणि मेकॅनिकचाही वेळ वाचतो.

फलकच अंधारला असेल आणि मुख्य फळीवरचा खटका ठीक असेल, तर प्रचंड उष्णतेने आतला थर्मल फ्यूज उडालेला असू शकतो. बहुधा तो बदलावाच लागतो. मोटर, आकडा किंवा उष्णता मोजणारा सेन्सर खराब झाला असेल, तर त्यासाठी रेंज पुढे ओढून मागचे पत्रे काढावे लागतात. रेंज जड असते, गॅसची असेल तर मागे नळीही असते. हे काम घरी करू नये. भाड्याच्या घरात आधी घरमालकाला कळवा आणि वॉरंटी शिल्लक असेल तर एकही स्क्रू सैल करू नका.

पुन्हा असे होऊ नये म्हणून

• सणाच्या किंवा पाहुण्यांच्या आदल्या दिवशी 'क्लीन' लावू नका. एवढ्या उष्णतेतच फ्यूज आणि मोटर दगा देतात.
• आधी सांडलेले तेल आणि अन्नाचे मोठे तुकडे पुसून घ्या, नाहीतर धूर होतो.
• जाळ्या, भांडी आणि ॲल्युमिनियमची फॉइल बाहेर काढा. पुस्तिकेत परवानगी नसेल तर ओव्हन साफ करण्याचे रसायन फवारू नका.
• खिडक्या उघडा. लहान मुलांना दूर ठेवा. पिंजऱ्यातला पोपट लांबच्या, मोकळी हवा असलेल्या जागी न्या. अतितापलेल्या नॉनस्टिक लेपाचा धूर पक्ष्यांचा जीव घेऊ शकतो.
• थोडाच मळ असेल तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट रात्रभर लावून सकाळी पुसा.

भारतातही

भारतात घरोघरी असलेल्या छोट्या ओटीजीत अशी सोय नसते. मात्र नव्या मॉड्युलर स्वयंपाकघरांतून भिंतीत बसवलेले असे परदेशी बनावटीचे ओव्हन आता दिसतात. स्वच्छता चालू असताना वीज गेली तर दार बंदच राहते. वीज आल्यावर आणि ओव्हन निवल्यावर ते उघडते. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनचेही तेच. काम संपल्यावर दार सुटायला मिनिट-दोन मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात हिसके देऊन अनेकांनी मुठी तोडल्या आहेत.

परदेशी मुलांकडे आई राहायला येणार असेल, तर त्यांनीही पहिल्याच दिवशी तिला दोन गोष्टी दाखवाव्यात: 'क्लीन'चे बटण आणि मुख्य फळीवरचा ओव्हनचा खटका. नवख्या घरात यंत्राशी एकटीने झुंजण्याची वेळ मग तिच्यावर येणार नाही.