पोस्टकार्डापासून ई-मेलपर्यंत : छोट्या धंद्याचे गणित

समजा, रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर एका कुटुंबाचे घर आहे. घरातल्या तीन खोल्या त्यांनी पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत. मुंबई-पुण्याकडची माणसे येतात, दोन दिवस राहतात, घावणे आणि सोलकढीचा पाहुणचार घेतात आणि परत जातात. या धंद्याला निवास-न्याहारी असे म्हणतात. दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात खोल्या भरलेल्या असतात. पण जून उजाडला की त्या रिकाम्या पडतात.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आंब्याची पेटी आज विकली गेली नाही तर ती उद्या विकता येते. खोलीची आजची रात्र मात्र उद्या विकता येत नाही. वस्तू विकणे आणि सेवा देणे यांतला हा मोठाच फरक होय. म्हणून सेवेच्या धंद्यात योग्य माणसाला योग्य वेळी कळवणे फार महत्त्वाचे असते.

या घरी वर्षभरात शंभर कुटुंबे येऊन गेली असे धरू. त्यांपैकी काहींना पावसाळ्यातले कोकण पाहायला निश्चितच आवडेल. त्यांना कळवायचे कसे? आणि कळवले तर नेमके काय घडते? या साध्या प्रश्नांमागे बरेच विज्ञान आणि गणित दडलेले आहे.

एका पैशाचे कार्ड

भारतात पोस्टकार्ड सुरू झाले ते १ जुलै १८७९ रोजी. त्याची किंमत होती पाव आणा, म्हणजे त्या काळचा एक पैसा. मुंबईच्या चाकरमान्याची खुशाली कोकणातल्या घराघरांत पोचत असे ती अशा कार्डांवरूनच. नवा माल आल्याची वर्दीही दुकानदार गिऱ्हाइकाला कार्डाने देत. मात्र शंभर कार्डांना शंभर पैसे आणि हजार कार्डांना हजार पैसे मोजावे लागत. खर्च संख्येच्या समप्रमाणात वाढे. त्यामुळे कार्ड कोणाला पाठवायचे याचा विचार पाठवणारा आपोआपच करी.

पत्र अचूक पोचावे म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिनकोड आला. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे जनक. रत्नागिरीचा पिनकोड ४१५६१२. यातला पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा समावेश असलेला विभाग दाखवतो. पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक डाकघर सांगतात. म्हणजे मोठ्या प्रदेशाकडून लहान प्रदेशाकडे असा हा क्रम आहे.

ई-मेलच्या पत्त्याचेही असेच आहे. फक्त तो उजवीकडून वाचायचा. सर्वांत उजवीकडे मोठा गट, त्याच्या डावीकडे त्या गटातील संस्था, नंतर @ हे चिन्ह आणि चिन्हाच्या डावीकडे माणसाचे नाव. हे चिन्ह निवडले रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने, १९७१ साली. दोन संगणक एकाच खोलीत शेजारी-शेजारी ठेवलेले. पण त्यांच्यामधला दुवा होता तो केवळ आर्पानेट नावाच्या जाळ्याचा. त्या जाळ्यातून एका संगणकाकडून दुसऱ्याकडे त्याने पत्र पाठवले. भारतात १९८६-८७ च्या सुमारास मुंबईतील जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय. आय. टी. यांच्यात ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. सर्वसामान्यांसाठी इंटरनेटचे दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

संगणकांचा संवाद

पत्र पाठवणारा संगणक पत्र घेणाऱ्या संगणकाशी अक्षरशः बोलतो. बोलण्याची ही पद्धत १९८२ साली ठरवण्यात आली. तिचे थोडक्यात रूप असे :

पहिला : हॅलो, मी अमुक ठिकाणाहून बोलतो आहे.
दुसरा : २५०. (म्हणजे ‘ठीक आहे’.)
पहिला : अमक्याकडून तमक्याला पत्र आहे.
दुसरा : २५०. किंवा, ५५०. (म्हणजे ‘असा कोणी येथे राहत नाही’.)
पहिला : मग हा मजकूर घ्या.

हा सारा संवाद बहुधा सेकंदाच्या आत संपतो. या पद्धतीत सुरुवातीला एक उणीव होती. पाठवणारा जे नाव सांगेल ते खरे मानले जाई. पोस्टकार्डाखाली कोणीही कोणाचीही सही करावी, तसेच हे. या उणिवेचे परिणाम पुढे येतीलच.

तुम्ही विचाराल, आज सगळे जण व्हॉट्सॲपवर असताना ई-मेल कशाला? कारण असे की व्हॉट्सॲप एका कंपनीचे आहे. ई-मेलची भाषा कोणा एकाच्या मालकीची नाही. कोणत्याही कंपनीचा पत्ता असो, तो दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या पत्त्याशी बोलू शकतो. पाहुण्यांच्या पत्त्यांची वही ही त्या कुटुंबाचीच राहते.

साखळीचे गणित

१९९६ साली ४ जुलै रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ या दोघांनी अमेरिकेत हॉटमेल ही ई-मेलची सेवा सुरू केली. भाटियांचे सुरुवातीचे शिक्षण पुण्यात बिशप्स शाळेत झाले होते. जाहिरातीसाठी त्यांच्याकडे मोठा पैसा नव्हता. मग एक युक्ती योजण्यात आली. हॉटमेलवरून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी ‘तुम्हीही येथे फुकट ई-मेल मिळवा’ अशा अर्थाची एक ओळ आपोआप छापली जाई. पत्र वाचणारा ती ओळ वाची, स्वतः सभासद होई आणि मग त्याच्याही पत्रांतून तीच ओळ पुढे जाई. सुमारे दीड वर्षात सभासदांची संख्या ऐंशी लाखांवर गेली आणि डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली.

ही तर युरेनियममधील शृंखला अभिक्रियाच झाली! एका विखंडनातून बाहेर पडलेले न्यूट्रॉन पुढची किती विखंडने घडवतात, त्या संख्येला गुणन-गुणांक म्हणतात. तो १ पेक्षा कमी असेल तर साखळी विझते. १ पेक्षा जास्त असेल तर ती वाढत जाते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टीत ही साखळी स्वतःच्या बळावर चालू लागली. अणुभट्टी स्थिर चालवायची तर हा गुणांक नेमका १ वर राखावा लागतो.

आता आपल्या घरमालकांकडे वळू. त्यांनी शंभर कुटुंबांना पत्र लिहिले. दर पाच कुटुंबांमागे एका कुटुंबाने ते आपल्या स्नेह्याला दाखवले आणि तो स्नेहीही यादीत आला. म्हणजे गुणांक झाला ०.२. शंभरांमुळे वीस, विसांमुळे चार, चारांमुळे सुमारे एक, एकूण १००+२०+४+०.८+... ही बेरीज कितीही लांबवली तरी १२५ च्या पुढे जात नाही. सूत्र असे : १०० भागिले (१ वजा गुणांक). गुणांक ०.८ झाला तर हीच बेरीज ५०० होते. आणि १.२ झाला तर? मग बेरजेला मर्यादाच उरत नाही. दहाव्या टप्प्यावर एकट्या त्या टप्प्यातच सहाशेहून अधिक कुटुंबे येतील.

हॉटमेलचा गुणांक काही काळ १ च्या वर राहिला. तीन खोल्यांच्या घराला तसे होण्याची गरजही नाही आणि ते परवडणारही नाही. शंभराचे सव्वाशे झाले, तरी पावसाळ्यातले काही शनिवार-रविवार भरतील.

ऱ्हासाचे गणित

या नाण्याला दुसरी बाजू आहे. किरणोत्सारी पदार्थातील अणू ठरावीक वेळात ठरावीक प्रमाणात कमी होत जातात. पत्त्यांच्या यादीचेही तसेच होते. प्रत्येक पत्रानंतर काही वाचक कंटाळून ‘आता पत्र नको’ असे कळवतात.

समजा, घरमालकांनी वरचेवर तीच ती जाहिरात पाठवली आणि दर पत्रामागे दहा टक्के वाचक गळाले. मग शंभराचे नव्वद, नव्वदाचे एक्क्याऐंशी असे होत बारा पत्रांनंतर अठ्ठावीसच वाचक उरतील. या यादीचे अर्धायुष्य सहा ते सात पत्रांचेच ठरले! याउलट प्रत्येक पत्रात काही उपयोगाचे असेल आणि गळती दोनच टक्के असेल, तर बारा पत्रांनंतरही अठ्ठ्याहत्तर वाचक टिकतील. पत्रे दोन्हीकडे बाराच. पण एकीकडे वर्षभरात यादी संपत आली आणि दुसरीकडे ती टिकून राहिली.

यावर काहींना सोपा उपाय सुचतो, तो म्हणजे दहा हजार अनोळखी पत्ते विकत आणावेत आणि सर्वांना पत्र धाडावे. खर्च तर जवळजवळ शून्य! पण हा खर्च खरोखर शून्य असतो का? नको असलेले पत्र पाहून ते काढून टाकायला वाचकाचे पाच सेकंद जातात असे धरू. दहा हजार वाचकांचे पन्नास हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ चौदा तास झाले. पाठवणाऱ्याने एक कळ दाबली आणि चौदा तासांचा खर्च दुसऱ्यांच्या माथी मारला.

हा प्रकार नवा नाही. मे १९७८ मध्ये गॅरी थर्क या विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकाची जाहिरात आर्पानेटवरील सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली. तक्रारींचा पाऊस पडला. अशा नकोशा पत्रांना पुढे ‘स्पॅम’ हे नाव मिळाले.

चाळणी कशी चालते?

स्पॅम वेगळे काढण्यासाठी ई-मेलच्या कंपन्या चाळणी लावतात. तिच्या मुळाशी अठराव्या शतकातील टॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाचा संभाव्यतेचा सिद्धान्त आहे. उदाहरण घेऊ. तुमच्या शंभर पत्रांत पन्नास स्पॅम आणि पन्नास चांगली आहेत. ‘फुकट’ हा शब्द स्पॅमपैकी वीस पत्रांत आणि चांगल्यांपैकी एकाच पत्रात आढळला. आता नव्या पत्रात ‘फुकट’ दिसला तर ते स्पॅम असण्याचे प्रमाण २० : १, म्हणजे संभाव्यता २०/२१, सुमारे ९५ टक्के.

पण त्याच पत्रात ‘हापूस’ हा शब्दही आहे आणि तो स्पॅममध्ये दोनदा, तर चांगल्या पत्रांत आठ वेळा आला आहे. हे दोन्ही शब्द परस्परांवर अवलंबून नाहीत असे मानले, तर प्रमाणांचा गुणाकार करायचा : (२० × २) : (१ × ८), म्हणजेच ५ : १. संभाव्यता ९५ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर उतरली. शेकडो शब्दांचा असा हिशेब यंत्र क्षणात करते. आजच्या चाळण्या याहून पुष्कळ पुढे गेल्या आहेत. वाचकांनी पूर्वी तक्रार केली होती का, हेही त्या पाहतात.

खोट्या सहीवरही उपाय निघाला आहे. पूर्वी लखोट्यावर लाखेची मोहोर असे; आता पत्रावर गणिती मोहोर उमटवतात. तिच्या दोन किल्ल्या असतात. मोहोर उमटवण्याची गुप्त किल्ली फक्त पाठवणाऱ्याकडे असते. तपासण्याची किल्ली मात्र सर्वांना खुली असते. मजकुरात एक अक्षर जरी बदलले तरी तपासणीत मोहोर जुळत नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना अशी मोहोर सक्तीची केली. यादीतून बाहेर पडण्याची सोय एका टिचकीत मिळाली पाहिजे, असाही नियम केला. तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली, म्हणजे हजार पत्रांमागे तिनांहून कमी ठेवण्यास सांगितले. विकत आणलेल्या यादीला ही मर्यादा पाळणे फार कठीण जाते. आणि एकदा पत्ता बदनाम झाला की जुन्या, ओळखीच्या पाहुण्यांना लिहिलेली पत्रेही स्पॅममध्ये जाऊन पडू लागतात. दहा हजार अनोळखी मिळवण्याच्या नादात शंभर ओळखीचे हरवतात. छोट्या घराला हा फटका फार मोठा असतो.

आपल्या संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माणसाची माहिती वापरण्यासाठी त्याची संमती हा त्याचा मोठा आधार आहे. तेव्हा पाहुणा निघताना ‘तुम्हांला अधूनमधून पत्र पाठवले तर चालेल का?’ असे विचारणे, हे शिष्टाचाराचे आहे तसेच कायद्याला धरूनही आहे.

मग पत्रात काय लिहावे?

विषयाच्या ओळीत खरे तेच लिहावे. एका पत्रात एकच मुद्दा असावा. जूनमध्ये पावसाची आणि मोकळ्या खोल्यांची बातमी, थंडीत मोहोराची, एप्रिलमध्ये आंब्याची. भरती-ओहोटीच्या वेळा आणि समुद्रात केव्हा उतरू नये हे सांगितले तर वाचक ते पत्र जपून ठेवील. शेवटी ‘पत्र नको असल्यास कळवा’ ही ओळ असावीच. पोस्टकार्डाला पैसा पडे, म्हणून लिहिणारा विचार करी. ई-मेलला पैसा पडत नाही, म्हणून हा विचार आता आपण होऊन करायचा.

करून पाहा

१. घरातील मोठ्यांच्या परवानगीने त्यांच्याकडे आलेली शेवटची पन्नास ई-मेल पत्रे पाहा. हवी होती ती आणि नको होती ती, अशा दोन गटांत विभागा. ‘फुकट’, ‘त्वरित’, ‘बक्षीस’ हे शब्द प्रत्येक गटात किती पत्रांत येतात ते मोजा आणि वरीलप्रमाणे संभाव्यता काढा. अनोळखी पत्रातील दुव्यावर मात्र टिचकी मारू नका.

२. गळती दर पत्राला पाच टक्के असेल, तर शंभर वाचकांचे पन्नास व्हायला किती पत्रे लागतील? आलेखकागदावर आलेख काढून उत्तर शोधा.

३. तुमच्या गावात शिकवणी, शिवणकाम, पंप-दुरुस्ती असा सेवेचा धंदा करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीला विचारा : जुने गिऱ्हाईक परत येते ते कशामुळे? उत्तरे वहीत नोंदवा आणि वर्गात वाचून दाखवा.