ऑडिटर निवडायचा दिवस

सकाळी 7.00
मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या फरसाणाच्या कारखान्यात पहिला घाणा पडतो, तेव्हा मी कढईपाशी असते. तेलाची टीपीसी, म्हणजे पुन्हा पुन्हा तापून तेलात साठणाऱ्या खराब घटकांचे प्रमाण, मोजायची आणि वहीत लिहायची. 25 टक्क्यांच्या वर गेलेले तेल कायद्याने वापरता येत नाही. तोवर शेजारी लीलो चेवडोसाठी बटाट्याचा कीस धुऊन निथळत असतो.

आज संध्याकाळपर्यंत एक गोष्ट ठरवायची आहे. आमचा अन्नसुरक्षा आराखडा तपासायला कोणत्या त्रयस्थ संस्थेला बोलवायचे?

8.30
सौराष्ट्रातून शेंगदाण्याची गाडी आली. हमालांनी पोती उतरवली, की मी मधल्या पोत्यांतूनही नमुने काढते. ओल लागलेल्या दाण्यावर बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होते. भाजले, तळले तरी ते पुरते जात नाही, म्हणून त्याला दारातच अडवायचे. जो ऑडिटर गोदामात यायच्या आधी ऑफिसात फायली मागतो, त्याला आमच्या धंद्यातली निम्मी जोखीम दिसायचीच नाही.

10.00
टेबलावर तीन दरपत्रके. पहिली चाळणी सोपी असते. अन्नसुरक्षा लेखापरीक्षणाचे नियम 2018 मध्ये आले. त्यानुसार एफएसएसएआयने मान्यता दिलेल्या संस्थांची यादी जाहीर असते. यादीत नाव आहे का, मान्यतेची मुदत उरली आहे का आणि आमचा अन्नगट तिच्यात बसतो का, एवढे मी स्वतः बघते. नुसत्या लेटरहेडवर विसंबत नाही.

तिन्ही संस्था यादीत आहेत. सर्वांत स्वस्त दरपत्रकात एक माणूस आणि एक दिवस. गोदाम, तळण, पॅकिंग, पाण्याची टाकी, रात्रीची सफाई, कामगारांच्या आरोग्य तपासण्या, हे सगळे एका दिवसात? मग तो कागदच वाचणार.

11.30
तिन्हीकडे फोन. प्रश्न तेच ठेवले. प्रत्यक्ष कोण येणार? त्याने तळलेल्या पदार्थांचे कारखाने पाहिले आहेत का? किती तास कढईपाशी आणि किती तास टेबलाशी? एकाने आश्वासन दिले, “बेन, काळजी नको. आराखडाही आम्हीच नीट करून देऊ आणि रिपोर्टही चांगला येईल.” ते नाव मी खोडले. आराखडा लिहून देणाऱ्यानेच तो तपासायचा असेल, तर ती तपासणी कसली?

दुपारी 1.00
डबा खाताना नव्या शिकाऊ मुलींना अमेरिकेतल्या पीनट कॉर्पोरेशनची गोष्ट सांगितली. 2008 च्या मार्चमध्ये बाहेरच्या ऑडिटरने त्यांच्या जॉर्जियातल्या कारखान्याला ‘उत्कृष्ट’ शेरा दिला. तपासणीची तारीख आधी कळवलेली होती आणि पैसे कारखान्यानेच दिले होते. त्याच वर्षी सुरू झालेल्या साल्मोनेलाच्या साथीत सातशेवर लोक आजारी पडले आणि नऊ मृत्यू तिच्याशी जोडले गेले. 2015 मध्ये कंपनीच्या प्रमुखाला 28 वर्षांची कैद झाली. याच कंपनीच्या कारखान्यांना नेस्लेच्या स्वतःच्या तपासनिसांनी 2002 आणि 2006 मध्ये नापास केले होते. बघणारा कोण आणि कोणासाठी बघतो, यावर केवढे अवलंबून असते!

3.00
तिसऱ्या संस्थेचे ऑडिटर स्वतः फोनवर आले. त्यांनी आधी कारखान्याचा नकाशा मागितला. कच्चे दाणे आणि भाजलेले दाणे एकाच वाटेने जातात का? भट्टीच्या तापमानाने जंतू मरतात हे तुम्ही कशावरून म्हणता? मग विचारले, “2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले होते. तसे पुन्हा झाले, तर तुमच्या जमिनीखालच्या टाकीतल्या पाण्याचे काय कराल?”

आमच्या आराखड्यात टाकी धुण्याचे वेळापत्रक आहे, पुराचे एक पानही नाही. बडोद्यात बसून असा आराखडा अपुराच म्हणायचा. फोन ठेवण्याआधी माझा कौल ठरला होता.

5.00
शेठच्या केबिनमध्ये.

“यांचा दर जवळपास दुप्पट आहे. पास तर सगळेच करतील ना?”

“शेठ, पास व्हायला नाही, चूक सापडायला बोलवतोय.”

“आणि मोठी चूक निघाली तर? ते वर कळवतील.”

“कळवतील. गंभीर धोका दिसला, तर परवाना अधिकाऱ्याला कळवणे त्यांच्यावर बंधनकारकच आहे. पण तो धोका आज आपल्या गोदामात असेल, तर उद्या कोणाच्या तरी मुलाच्या डब्यात जाईल. आणि तपासणी समाधानकारक झाली, तर सरकारी तपासण्याही कमी होऊ शकतात.”

शेठ थोडा वेळ हिशेबाच्या कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी तिसऱ्या संस्थेच्या दरपत्रकावर सही केली.

6.30
कामाच्या पत्रात तीन अटी घातल्या. दोन दिवसांची तपासणी, त्यात एक रात्रपाळी. नेमका दिवस आम्हाला आधी सांगायचा नाही. कारागिरांशी बोलताना आमच्यापैकी कोणी शेजारी उभे राहणार नाही. ही शेवटची अट मी आग्रहाने घातली, कारण कढई कधी नीट घासली जात नाही, हे कढईवरच्या माणसाइतके कोणालाच ठाऊक नसते. त्याचे निर्भयपणे ऐकून घेणारा ऑडिटर मिळाला, तर दिलेला पैसा सार्थकी लागला.

पत्र पाठवले आणि पुराचे पान लिहायला घेतले.